सी काढली, पायथन आणली: ठाण्यातल्या एका संगणकशास्त्र विभागाने विषयांचा नकाशा का काढला

चौथ्या सेमिस्टरचं ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल होतं. त्या दिवशी फोर्क शिकवायचा होता. एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, फोर्कने स्वतःची प्रत काढते आणि दोघी त्याच ओळीपासून पुढे चालू लागतात, हे मुलांना पटकन कळलं. आईला, म्हणजे मूळ प्रोसेसला, मुलाचा, म्हणजे प्रतीचा, क्रमांक मिळतो आणि मुलाला शून्य मिळतं, हेही कळलं. मग सरांनी फळ्यावर वेट (मूल संपेपर्यंत थांबायची आज्ञा) लिहिलं आणि कंसात स्टेटसच्या आधी अँडचं (&) चिन्ह काढलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, इथे अँड कशाला? आपण कशाबरोबर अँड करतोय?"

प्रश्न अगदी रास्त होता. ती मुलगी पहिल्या वर्षी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकली होती. तिथे ते चिन्ह दोन संख्यांचे बिट्स जुळवून पाहणाऱ्या 'अँड' क्रियेसाठी येतं. सी या भाषेत चलाचा मेमरीतला पत्ता काढायला तेच चिन्ह वापरतात, हे तिला दोन वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. वर्गातल्या कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पुढची तीन प्रॅक्टिकलं सरांनी पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणारं चल, शिकवण्यात घालवली आणि त्या वर्षी सिमाफोर (प्रोसेसनी एकमेकींची वाट पाहून काम करायची युक्ती) शेवटच्या दोन तासांत कसेबसे आटोपले.

आमचा विभाग ठाण्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयाचा, बीएससी कॉम्प्युटर सायन्सचा. शिक्षक सहा. अभ्यासक्रमाचं समन्वयाचं काम माझ्याकडे आहे, म्हणून हे प्रकरण मी लिहून ठेवते आहे. आमच्यासारख्या अनेक विभागांत हेच घडत असणार आणि दोष त्या मुलीच्या माथी मारला जात असणार, असं मला मनापासून वाटतं.

काय बदललं होतं

स्वायत्तता मिळाली तेव्हा विद्यापीठाचा अभ्यासक्रम समोर ठेवून आम्ही आमचा बेतला. पहिल्या वर्षाची सी काढून पायथन आणली. त्या निर्णयाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. बारावीला संगणक न घेतलेलं मूल पहिल्या आठवड्यात चालणारा प्रोग्राम लिहितं, त्याला हुरूप येतो, आणि हा हुरूप मोलाचा असतो. सेमिकोलन विसरल्यामुळे मूल प्रोग्रामिंगला कायमचं घाबरतं, ते आम्ही वर्षानुवर्षं पाहत होतो.

पण सीच्या पेपराबरोबर आणखी काय बाहेर गेलं, ते आम्ही पाहिलं नाही. कागदावर सी हे एका पेपराचं नाव होतं. त्या नावाच्या पोटात मेमरीचा पत्ता होता, इंटला, म्हणजे पूर्णांकाला, किती बाइट लागतात ते होतं, स्टॅक आणि हीप या मेमरीच्या दोन भागांतला फरक होता, फंक्शनला किंमत पाठवणं आणि पत्ता पाठवणं हे होतं. या गोष्टींवर पुढचे पाच पेपर उभे होते. डेटा स्ट्रक्चर्समधली लिंक्ड लिस्ट, ऑपरेटिंग सिस्टिममधली शेअर्ड मेमरी, नेटवर्क्समध्ये सॉकेटवरून बाइट पाठवताना येणारा त्यांचा क्रम, सिक्युरिटीतला बफर ओव्हरफ्लो, आणि अर्थात कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन. या पाचही पेपरांच्या पहिल्या पानावर 'पूर्वअट' नावाचा रकाना होता. चार ठिकाणी तिथे 'काही नाही' असं लिहिलेलं होतं आणि एका ठिकाणी 'संगणकाचे मूलभूत ज्ञान'. हा रकाना आम्हीच भरला होता, आणि फॉर्ममध्ये आहे म्हणून भरला होता.

अभ्यास मंडळाच्या बैठकीत अभ्यासक्रम कसा बदलतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना आश्चर्य वाटणार नाही. जुन्या पेपरांची यादी समोर असते. कंपनीतून आलेले सदस्य एखादं नवं नाव सुचवतात. ते नाव आत घ्यायचं तर एक जुनं बाहेर काढावं लागतं. जुनं काढलं की कुणाचा तरी वर्कलोड जातो. मग चर्चा विषयावरून तासांवर येते, तासांवरून माणसांवर येते, आणि शेवटी ज्याचा आवाज कमी त्याचा पेपर जातो. यात कुणी वाईट वागत नसतं. बोलायला पेपरांच्या नावांपलीकडे काही हाताशीच नसतं, हे खरं दुखणं.

हे काम आधी कुणी केलं होतं

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पुन्हा मांडणी करायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं की या खेपेला यादीपासून सुरुवात करायची नाही. धोरणाची चौकट अशी की सेमिस्टर साधारण २० ते २२ क्रेडिटचं, तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, आणि त्यात मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली या सगळ्यांना जागा द्यायची. सुरुवातीच्या सेमिस्टरमध्ये मुख्य विषयाच्या वाट्याला फार थोडं उरतं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं म्हणजे ३०. प्रत्येक तास मोजून वापरावा लागणार होता.

संगणकशास्त्रात काय शिकवावं याचे आराखडे १९६८ पासून निघत आहेत. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा १९६८ चा आराखडा मुख्यतः कोर्सची यादी होता, २२ कोर्स. पुढे विचार बदलत गेला आणि कोर्सऐवजी ज्ञानाचे तुकडे मांडायची पद्धत आली. २००१ च्या आराखड्यात क्षेत्रं, त्यांच्या आत युनिटं आणि युनिटांच्या आत टॉपिक अशी उतरंड आहे. २०१३ च्या आराखड्यात, म्हणजे सीएस २०१३ मध्ये, अशी १८ क्षेत्रं आहेत आणि गाभ्याचे दोन थर आहेत. पहिल्या थराचे १६५ तास प्रत्येकाने शिकवायचेच, दुसऱ्या थराच्या १४३ तासांपैकी किमान ८० टक्के तरी. शिकण्याचं प्रत्येक उद्दिष्ट कुठल्या पातळीला न्यायचं हेही त्यात तीन शब्दांत सांगितलंय. मराठीत मी त्यांना ओळख, वापर आणि पारख म्हणते. सीएस २०२३ मध्ये क्षेत्रं १७ झाली, आणि मला सर्वांत भावलेला बदल असा की डिस्क्रीट गणित, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि लिनिअर अल्जेब्रा ही सगळी गणिताच्या एकाच क्षेत्रात आली.

आणखी एक प्रयत्न मला फार जवळचा वाटला. कॉम्प्युटर सायन्स, आयटी, इन्फर्मेशन सिस्टिम्स, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग या पाच शाखांचे आराखडे वेगवेगळे. त्या पाचांच्या पोटातलं ज्ञान एकाच रचनेत बसवायचा प्रयत्न लिलियन कॅसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांच्या २००७ च्या लेखात ही रचना शिक्षणात कशी वापरता येईल याची चर्चा आहे. 'कॉम्प्युटिंग ऑन्टॉलॉजी' असं तिचं नाव. ऑन्टॉलॉजी हा शब्द ऐकून विभागातले चेहरे गंभीर झाले, म्हणून मी सरळ 'नकाशा' म्हणायला लागले.

हे सगळं वाचताना एक फरक मात्र नीट ध्यानात ठेवावा लागतो. कुठली गोष्ट कुठल्या कप्प्यात बसते हे एक, आणि कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीवर उभी आहे हे वेगळं. एसीएमचं २०१२ चं वर्गीकरण फार नेटकं आहे. त्यात एक विषय दोन-तीन मोठ्या विषयांखालीही येऊ शकतो. पण त्याचं काम शोधनिबंधांना योग्य कप्पा देण्याचं आहे. हॅश टेबल डेटा स्ट्रक्चर्सखाली येतं हे अशा वर्गीकरणातून कळतं. हॅश टेबल शिकण्याआधी भागाकाराची बाकी काढण्याचं गणित आणि अ‍ॅरे येत असला पाहिजे, हे त्यातून कळत नाही. आम्हाला तर नेमकं तेच हवं होतं, कारण फोर्कच्या वर्गात आधारच निखळलेला होता.

नकाशा काढताना

हत्यार साधंच वापरलं, सामायिक स्प्रेडशीट. एका ओळीत एक टॉपिक. पुढचे रकाने असे: क्षेत्र, पातळी, तास, पहिल्यांदा कुठे शिकवतो, पुढे कुठे वापरतो, आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा, 'याच्या आधी काय यायला हवं'. त्या शेवटच्या रकान्यात फक्त याच शीटमधल्या दुसऱ्या ओळीचं नाव लिहायचं, 'मूलभूत ज्ञान' चालणार नाही, एवढा एकच नियम मी आग्रहाने लावला.

आमचा एक माजी विद्यार्थी ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये काम करतो. अभ्यास मंडळावर माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणूनही तोच आहे. रात्रपाळी संपवून सकाळी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरायचा आणि तासभर आमच्याकडे बसून मग घरी जायचा. त्याने शीट वाचून बाणांचं चित्र काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला. टॉपिक म्हणजे ठिपका, गरज म्हणजे बाण. सगळे ठिपके असे ओळीने लावायचे की प्रत्येक बाण आधीच्याकडून नंतरच्याकडेच जाईल. आम्ही वर्गात टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणून जे शिकवतो ते हेच. तो मला म्हणाला, "मॅडम, हे तुम्हीच शिकवलं होतंत, सिलॅबसवर चालवून बघू का?" हा प्रश्न मला आधी कधीच पडला नव्हता.

पहिल्याच खेपेला प्रोग्राम थांबला. बाणांचा फेरा सापडला होता. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, समजायला इंडक्शन, म्हणजे गणितातली पायरीपायरीने सिद्ध करायची रीत, हवी, असं डेटा स्ट्रक्चर्सच्या सरांनी लिहिलं होतं. इंडक्शन समजायला रिकर्शनची उदाहरणं हवीत, असं गणिताच्या मॅडमनी लिहिलं होतं. दोघंही बरोबर होते, आणि दोघंही गेली काही वर्षं 'ते तिकडे झालं असेल' असं धरून चालले होते. या फेऱ्यावर आमची एक अख्खी दुपार गेली. शेवटी उलगडा असा झाला की 'रिकर्शन' ही ओळच फार जाड होती. फंक्शन स्वतःला बोलावतं तेव्हा एकेक पायरी कागदावर कशी लिहायची, ही एक गोष्ट. त्याला इंडक्शन लागत नाही, पहिल्या सेमिस्टरला ती जमते. रिकर्शनने लिहिलेला प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करणं आणि त्याला किती वेळ लागेल ते काढणं, ही दुसरी गोष्ट, आणि तिला इंडक्शन लागतं. ओळ दुभंगल्याबरोबर फेरा सुटला. नंतर आणखी दोन फेरे निघाले आणि दोन्ही याच रीतीने सुटले.

दुसरी अडचण नावांची होती. शीटमध्ये 'नॉर्मलायझेशन' ही एकच ओळ होती आणि तिच्यातून निघालेला एक बाण मशीन लर्निंगकडे जात होता. चित्र सांगत होतं की मशीन लर्निंग शिकायला आधी डेटाबेसच्या फंक्शनल डिपेन्डन्सी (एका रकान्यावरून दुसरा ठरतो ते संबंध) यायला हव्यात. नवी मुंबईत पत्ता सांगताना नुसतं 'सेक्टर १७' म्हणून चालत नाही. वाशीचं सेक्टर १७ वेगळं आणि खारघरचं वेगळं, कारण प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, क्रमांक एकपासून सुरू होतात. तसंच हे. डेटाबेसमधलं नॉर्मलायझेशन म्हणजे टेबलं फोडून पुनरुक्ती काढणं. मशीन लर्निंगमधलं म्हणजे वेगवेगळ्या मापाचे आकडे एका पट्टीवर आणणं. फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांश चिन्हाच्या, संख्या लिहिण्यातलं आणखी तिसरंच. तीन ओळी केल्या आणि प्रत्येकीला नोडसकट पत्ता दिला. प्रोसेस, पोर्ट, स्टॅक, केस या शब्दांचंही तसंच. परीक्षेत गोंधळलेली उत्तरं येतात त्यांतली काही याच शब्दांमुळे येतात, हे आम्हाला तेव्हा उमगलं. मुलाने एका पेपरातला स्टॅक दुसऱ्या पेपरात उतरवलेला असतो.

हॅशिंगचं उलटं झालं. तीन पेपरांत तीन ओळी होत्या. डेटा स्ट्रक्चर्समध्ये हॅश टेबल, डेटाबेसमध्ये हॅश इंडेक्स, सिक्युरिटीमध्ये पासवर्डचा हॅश. तिन्ही ठिकाणी हॅश फंक्शन, म्हणजे कुठल्याही माहितीवरून ठरावीक मापाचा आकडा काढणारं फंक्शन, काय असतं, हे पहिल्यापासून शिकवलं जात होतं. डेटाबेसच्या मॅडम म्हणाल्या, "मुलांना आठवत नाही हो, म्हणून सांगावंच लागतं." सिक्युरिटी शिकवणाऱ्या मॅडमचं म्हणणं असं होतं की त्यांचा हॅश वेगळाच आहे, तो मागे फिरवता येऊ नये ही त्याची अट आहे, टेबलच्या हॅशला ती अट नसते. त्यांचं खरंच होतं. आम्ही पायाची एक ओळ केली, डेटा स्ट्रक्चर्समध्ये, आणि बाकीच्या दोन तिच्यावर बाणाने जोडल्या. डेटाबेसमध्ये आता उजळणीला पंधरा मिनिटं आहेत. सिक्युरिटीत मात्र वेळ पहिल्याइतकाच ठेवला, कारण तिथली नवी अट खरोखर अवघड आहे.

८०८५ चा पेपर

या सगळ्या कामातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हा.

चित्र तयार झालं तेव्हा एका कोपऱ्यात ठिपक्यांचं एक बेट दिसलं. ८०८५ मायक्रोप्रोसेसरचा पेपर. त्यातून बाहेर एकही बाण जात नव्हता. ८०८५ ही १९७६ ची चिप, आठ बिटची, ६४ केबी मेमरी हाताळणारी. विभागातले सर्वांत ज्येष्ठ सर हा पेपर शिकवतात. प्रयोगशाळेत त्यांनी जपलेली किट आहेत, हेक्स कीपॅडवाली. नवा क्लाउडचा कोर्स आणायचा होता, क्रेडिट कुठून तरी काढावी लागणार होती, आणि चित्र जणू बोट दाखवून सांगत होतं: हा काढा, कुणाचं काही अडणार नाही.

मी हे सरांना बैठकीच्या आधी, एकटीने जाऊन दाखवलं. सगळ्यांसमोर दाखवणं मला बरं वाटलं नसतं. त्यांनी शीट बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, या ओळी मी लिहिल्याच नाहीत. कोणी लिहिल्या?" ओळी मीच लिहिल्या होत्या, जुन्या अभ्यासक्रमातून जशाच्या तशा उचलून: 'डेटा ट्रान्सफर इन्स्ट्रक्शन्स', 'अ‍ॅड्रेसिंग मोड्स', 'स्टॅक इन्स्ट्रक्शन्स'. सरांनी पेन काढलं आणि पाठकोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. एचएल या रजिस्टरच्या, म्हणजे चिपमधल्या छोट्या कप्प्यांच्या, जोडीत २०५० घाला. मग 'मूव्ह ए, एम'. म्हणजे २०५० या पत्त्यावर जे असेल ते 'ए'मध्ये आणा. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

हा पॉइंटर होता. एचएलमध्ये पत्ता, आणि एम म्हणजे त्या पत्त्यावरची किंमत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्गात दोन वर्षं जे सापडत नव्हतं, ते शेजारच्या प्रयोगशाळेत, ज्या पेपराला आम्ही निरुपयोगी ठरवायला निघालो होतो त्याच पेपरात, दर मंगळवारी शिकवलं जात होतं. फक्त पाचव्या सेमिस्टरला, म्हणजे ज्यांना गरज होती त्यांतले चार पेपर होऊन गेल्यावर. आणि अशा नावाखाली, की बाण काढणाऱ्या माणसाला ते ओळखूच येऊ नये.

आम्ही त्या पेपराच्या ओळी सरांबरोबर बसून पुन्हा लिहिल्या. 'अ‍ॅड्रेसिंग मोड्स'च्या जागी 'पत्ता आणि पत्त्यावरची किंमत यांतला फरक'. 'स्टॅक इन्स्ट्रक्शन्स'च्या जागी 'फंक्शन बोलावताना परतीचा पत्ता कुठे राहतो'. लगेच बाण फुटले. डेटा स्ट्रक्चर्सकडे, ऑपरेटिंग सिस्टिमकडे, सिक्युरिटीकडे. बफर ओव्हरफ्लो म्हणजे तरी काय, त्या परतीच्या पत्त्यावर भलतंच काही लिहिलं जाणं.

ठरलं ते असं. चिपचे पिनांचे आराखडे आणि टायमिंगच्या आकृत्या गेल्या. उरलेला भाग दोन क्रेडिटचा झाला आणि दुसऱ्या सेमिस्टरला आला, पायथनच्या लगेच मागे. त्यातच शेवटचे काही तास सीसाठी ठेवले, किटवर केलेलीच उदाहरणं पुन्हा सीमध्ये लिहिण्यासाठी. सरांनी स्वतः सांगितलं की टायमिंगचा भाग सोडायला त्यांना जड जातंय, तरी ते सोडतील. या माणसाचा पेपर मी एका चित्राच्या भरवशावर काढायला निघाले होते, ही गोष्ट मी विसरलेले नाही. नकाशात बाण नाही याचा अर्थ आधार नाही असाही असतो, आणि ओळ लिहिणाऱ्याला आधार दिसला नाही असाही असतो. म्हणून आता कुठल्याही पेपराच्या ओळी तो शिकवणारा माणूसच लिहितो. दुसऱ्याने लिहिलेल्या ओळींवर निर्णय होत नाही.

अभ्यास मंडळाची बैठक

बैठकीला विद्यापीठाने नेमलेले तज्ज्ञ होते, बाहेरच्या महाविद्यालयातले शिक्षक होते, आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून आलेले उद्योगक्षेत्राचे सदस्य होते. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहिली आहेत आणि आपल्या मुलांना तिथे दारात नोकरी आहे, तेव्हा क्लाउड आणि कंटेनर तिसऱ्या सेमिस्टरलाच आणा, असा त्यांचा आग्रह होता. आग्रह चांगल्या मनाचा होता आणि माहितीवर आधारलेलाही.

एरवी यावर 'बघू', 'पुढच्या वर्षी' असं उत्तर गेलं असतं. या वेळी भिंतीवर चित्र होतं. माजी विद्यार्थ्याने कंटेनरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि मागे मागे येत गेला. लिनक्सचा कंटेनर म्हणजे वेगळ्या नेमस्पेसमध्ये (बाकीच्या प्रोसेस दिसणार नाहीत अशा कप्प्यात) ठेवलेली आणि संसाधनांवर मर्यादा घातलेली प्रोसेस. त्याला प्रोसेस यायला हवी, फाइल सिस्टिम यायला हवी, आयपी पत्ता आणि पोर्ट यायला हवेत. हे सगळं चौथ्या सेमिस्टरला होतं. तो म्हणाला, "सर, कमांड पाठ करून घ्यायच्या असतील तर तिसऱ्याला जमेल. पण रात्री दोन वाजता कंटेनर मेमरी संपून मरतो तेव्हा कमांड पाठ असलेला मुलगा फोन करून मलाच उठवतो." त्या सदस्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, मग ऑपरेटिंग सिस्टिमच तिसऱ्याला का आणत नाही? चित्रात पाहिलं, तर ८०८५ चा नवा भाग दुसऱ्याला आल्यामुळे ते शक्य होतं. ऑपरेटिंग सिस्टिम तिसऱ्याला आली, नेटवर्क्सही, आणि क्लाउडचा कौशल्य कोर्स चौथ्याला गेला. हा बदल आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात बैठकीआधी नव्हता.

वर्कलोडचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. दोन शिक्षकांचे तास बदलले आणि एकीला नवा पेपर तयार करावा लागला. त्यावर बैठकीत कडू बोलणं झालं. पण बोलणं 'कुठल्या टॉपिकच्या आधी काय' यावर बराच काळ टिकलं, आणि ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

जे नकाशात नव्हतं

सीएस २०१३ मध्ये दिलेला तास म्हणजे वर्गात समोर उभं राहून शिकवायचा तास. मुलाने घरी करायचा अभ्यास त्याच्या बाहेर, आणि तो होणारच असं गृहीत. आमच्या वर्गात कसाऱ्याहून, बदलापूरहून, उरणहून येणारी मुलं आहेत. काही जण कॉलेज सुटल्यावर दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामाला जातात. घरी लॅपटॉप सगळ्यांकडे नाही. वर्गाबाहेरचे ते तास आमच्याकडे नाहीतच, म्हणून आराखड्यातले आकडे जसेच्या तसे घेणं चूक ठरलं असतं. आम्ही थिअरी आटोपशीर केली आणि सराव प्रॅक्टिकलच्या वेळेत आणला. त्यामुळे आराखड्याच्या दुसऱ्या थरातले काही टॉपिक सुटले. कुठले सुटले ते शीटमध्ये वेगळ्या रंगाने लिहून ठेवलंय, म्हणजे पुढे कुणी 'हे राहिलंच कसं' असं विचारलं तर उत्तर असेल.

लॉगॅरिदमचंही तसंच. मी वाचलेल्या आराखड्यांत तो टॉपिक म्हणून वेगळा दिसला नाही, शाळेतून येतो असं धरलेलं असतं. दर पायरीला यादी अर्धी करत शोधणाऱ्या बायनरी सर्चला लॉग एन पायऱ्या लागतात असं सांगितलं की अर्धा वर्ग मान हलवतो, पण हलवणाऱ्या सगळ्यांना ते कळलेलं नसतं. गणिताच्या मॅडमनी 'संख्या किती वेळा अर्धी केली की एक उरतो' अशी ओळ स्वतः शीटमध्ये घातली आणि तिला पहिल्या सेमिस्टरमध्ये दोन तास दिले. ती ओळ आमच्या नकाशातली सर्वांत जास्त बाण फुटलेल्या ओळींपैकी एक आहे.

शीट दर सेमिस्टरच्या शेवटी उघडायची असं ठरलंय. ज्याने पेपर शिकवला त्याने लिहायचं की कुठल्या टॉपिकला मुलं अडली आणि मागचं काय येत नव्हतं. पहिल्या खेपेला चौघांनी लिहिलं, दोघांनी नाही.

एक ओळ अजून लाल आहे. फ्लोटिंग पॉइंट. सीएस २०१३ मध्ये तो आर्किटेक्चरच्या क्षेत्रात येतो, मशीनच्या पातळीवर डेटा कसा लिहितात त्या युनिटात. ८०८५ ला पूर्णांकांपलीकडे काही येत नाही, त्यामुळे सरांच्या पेपरात त्याला जागा नव्हती. गणिताच्या मॅडमना तो संगणकाचा विषय वाटतो आणि पायथनच्या मॅडमना गणिताचा. बाण मात्र त्यातून तीन निघतात, त्यांतला एक मशीन लर्निंगकडे. परवा पहिल्या वर्षाच्या एका मुलाने पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहिली. उत्तराच्या शेवटी शून्यांच्या रांगेनंतर एक ४ आला होता. तो लॅपटॉप घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. पायथनच्या मॅडमनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि दशमानातला ०.१ द्विमानात संपत का नाही ते कागदावर करून दाखवलं. पाऊण तास लागला. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत त्यांनी स्वतःच्या प्रॅक्टिकलमधले दोन तास या ओळीसाठी मागितले आहेत.